कळवले होते, पण कळले नाही

एक एप्रिलच्या सकाळी साडेनऊच्या सुमारास कराडहून मामेभावाचा फोन आला. एरवी तो त्या वेळी फोन करत नाही, कारण नऊ ते अकरा ही त्याच्या औषधाच्या दुकानातली सर्वांत गर्दीची वेळ असते. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आलेली माणसे, रात्री दवाखान्यात दाखल झालेल्या रुग्णाचे नातेवाईक, रक्तदाबाची आणि मधुमेहाची महिन्याभराची औषधे एकदम नेणारे निवृत्त शिक्षक, सगळे त्याच दोन तासांत येतात. "ताई, बिलच होत नाहीये," एवढेच तो म्हणाला आणि व्हिडिओ कॉल लावून त्याने मला कॉम्प्युटरचा पडदा दाखवला. औषधांची नावे, बॅच नंबर, एक्स्पायरी, शिल्लक स्ट्रिपा, सगळे जागच्या जागी दिसत होते. फक्त नवीन बिलाचे बटण करडे पडले होते आणि वरच्या पिवळ्या पट्टीत इंग्रजीत लिहिले होते की आपल्या लायसन्सची मुदत संपली आहे, आपल्या डीलरशी संपर्क साधावा.

मामीने कपाटातून कार्बन घालायचे जुने बिलबुक काढले. औषधाचे बिल हे किराणा मालाच्या बिलासारखे नुसते नाव आणि रक्कम लिहून भागत नाही. प्रत्येक ओळीला बॅच नंबर आणि मुदतीची तारीख लागते, आणि शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या यादीतले औषध असेल तर डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव आणि दिलेली मात्रा यांची नोंद वेगळ्या वहीत ठेवावी लागते. स्ट्रिपच्या कडेला दाबून उमटवलेले ते बारीक आकडे उजेडाकडे धरून वाचत मामी एकेक बिल लिहीत होती. इन्सुलिन घ्यायला आलेले एक आजोबा अर्धा तास बाकावर बसून होते, कारण मुलाच्या कंपनीकडून औषधाचे पैसे परत मिळतात आणि त्यासाठी त्यांना बिल हवेच होते. दुपारी तीनच्या पुढे सॉफ्टवेअर सुरू झाले, आणि हाताने लिहिलेली सगळी बिले त्यात चढवता चढवता रात्रीचे अकरा वाजले.

मधल्या वेळात कंपनीच्या हेल्पलाइनशी मी स्वतः बोलले. समोरची मुलगी सौजन्याने बोलत होती, आणि तिने सांगितलेले सगळे खरे होते. मुदत संपत असल्याचे कंपनीने पाच वेळा कळवले होते. पाचही मेलच्या तारखा तिने मला वाचून दाखवल्या. पहिली दोन महिने आधीची होती आणि शेवटची ३१ मार्चच्या दुपारची. मेल कोणत्या पत्त्यावर गेल्या असे मी विचारल्यावर तिने जो पत्ता सांगितला तो डीलरचा निघाला. सहा वर्षांपूर्वी त्याने हे सॉफ्टवेअर दुकानात बसवले, तेव्हा नोंदणीच्या फॉर्मवर स्वतःचाच ई-मेल आणि स्वतःचाच मोबाइल नंबर घातला. तीन वर्षांपूर्वी एकदम तीन वर्षांचे पैसे भरले गेले तेही त्याच्याच हातून. गेल्या वर्षी धंदा आवरून तो गावी गेला. तालुक्याच्या गावी सॉफ्टवेअर घेणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. कित्येक दुकाने, पतसंस्था आणि छापखाने आजही अशाच कुणा डीलरच्या पत्त्यावर नोंदलेले आहेत, आणि दर वर्षी पैसे मोजणारा माणूस कंपनीच्या वहीत कुठेच नाही.

फोन ठेवल्यावर माझ्या मनात रेंगाळत राहिले ते तिचे वाक्य: "मॅडम, आम्ही कळवलं होतं." मराठीत कळणे या क्रियापदाचे प्रयोजक रूप म्हणजे कळवणे. हसणे-हसवणे, झोपणे-झोपवणे, तसेच कळणे-कळवणे. मूल जागेच असेल तर 'मी त्याला झोपवले' असे कोणतीही आई म्हणत नाही. कुणी हसलेच नाही तर 'मी त्यांना हसवले' असेही म्हणता येत नाही. कळवणे या एकाच शब्दाच्या बाबतीत आपण ही अट सोडून दिली आहे. ज्याला कळवायचे त्याला कळले की नाही हे न पाहताच कळवले म्हणता येते, आणि ते म्हणणारा माणूस खोटेही बोलत नसतो.

मला हे जास्त लागले, कारण माझा उदरनिर्वाह याच कामावर चालतो. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी गेली पंधरा वर्षे ग्राहकांना जाणाऱ्या सूचना लिहीत आले आहे. नवीन आवृत्तीत काय बदलले, शनिवारी रात्री देखभालीसाठी सेवा किती वेळ बंद राहील, जुनी सोय कधीपासून मिळणार नाही, दर कधीपासून वाढतील, आणि अचानक काही बिघडले तर काय बिघडले, हे सगळे माझ्या टेबलावरून जाते. आमच्याकडे एक वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर पडते: "मेल टाकली आहे." मेल टाकली की काम संपले, पुढची जबाबदारी वाचणाऱ्याची. किती मेल गेल्या याचा अहवाल निघतो, किती उघडल्या गेल्या याची टक्केवारी निघते, आणि ती टक्केवारी बरी आली की बैठकीत समाधान व्यक्त होते. जे पत्ते बंद झाले म्हणून मेल परत आल्या त्यांची यादीही रोज तयार होते, पण ती कुणी पाहावी हे ठरलेले नसते. त्या यादीतल्या एकेका ओळीमागे पैसे भरणारा एक ग्राहक असतो, आणि कराडच्या त्या सकाळपर्यंत मीही ती यादी कधी उघडून पाहिली नव्हती.

सिडनीच्या अ‍ॅटलासियन या कंपनीचे प्रकरण मला या संदर्भात पुन्हा पुन्हा आठवते. कामांचा हिशेब ठेवणारे जिरा आणि टीमच्या नोंदी ठेवणारे कॉन्फ्लुअन्स ही तिची उत्पादने पुण्या-बेंगळुरूच्या आयटी कंपन्यांमध्ये रोजच्या डब्याइतकी अंगवळणी पडलेली आहेत. ५ एप्रिल २०२२ रोजी, आपल्या घड्याळाप्रमाणे दुपारी १ वाजून ८ मिनिटांपासून १ वाजून ३१ मिनिटांपर्यंत, म्हणजे अवघ्या २३ मिनिटांत, तिच्याच एका स्क्रिप्टने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने, ७७५ ग्राहकांच्या ८८३ साइट, म्हणजे त्यांचे सगळे काम ठेवलेल्या जागा, पुसून टाकल्या. खरे तर एक जुने अ‍ॅप तेवढे बंद करायचे होते. ते बंद करायला सांगणाऱ्या टीमने काम करणाऱ्या टीमला त्या अ‍ॅपचे क्रमांक देण्याऐवजी ज्या साइटवर ते अ‍ॅप होते त्या साइटचेच क्रमांक दिले, आणि स्क्रिप्टने दिलेल्या क्रमांकांवर सांगितलेले काम चोख केले. बॅकअप होते, पण अनेक ग्राहकांच्या एकत्र साठवणीतून नेमक्या याच ग्राहकांच्या साइट वेगळ्या काढून परत उभ्या करण्याची सोपी वाट तयार नव्हती. शेवटच्या ग्राहकाला आपले काम परत मिळेपर्यंत १८ एप्रिल उजाडला.

चूक कुणाच्याही हातून होते, आणि ती कशी झाली हे कंपनीने त्याच महिन्याच्या अखेरीस सविस्तर लिहून प्रसिद्धही केले. माझे लक्ष खिळले ते त्या अहवालातल्या दुसऱ्याच गोष्टीवर. साइट पुसली गेली तेव्हा तिच्यासोबत ग्राहकाची ओळख आणि संपर्काची माहितीही पुसली गेली होती. आपल्या चुकीने ज्यांचे नुकसान झाले आहे त्या माणसांपर्यंत पोहोचण्याचा पत्ता कंपनीच्या हाताशी राहिला नव्हता. उलट बाजूने ग्राहक मदत मागायला जात, तर तक्रारीचा फॉर्म त्यांना आपल्या साइटचा चालू पत्ता विचारी, आणि त्यांची साइट तर अस्तित्वातच नव्हती. एकीकडे सांगायला उत्सुक असलेली कंपनी, दुसरीकडे विचारायला आतुर झालेले ग्राहक, आणि मध्ये एक फॉर्म. ज्यांच्याशी संपर्क होईल त्यांच्याशी थेट बोलायचे असे कंपनीने ठरवले आणि जाहीरपणे मोकळेपणाने बोलायला बरेच दिवस लावले. पूर्ण चित्र हाती येईपर्यंत थांबण्याऐवजी काय माहीत आहे आणि काय माहीत नाही हे आपण आधीच उघड सांगायला हवे होते, अशी कबुली पुढे तिने त्याच अहवालात दिली. हा भाग मी माझ्या टीममधल्या प्रत्येक नव्या मुलाला वाचायला देते.

सांगण्याचे साधनच बिघडलेल्या वस्तूवर टेकलेले असावे, हे याआधीही घडले होते. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमेझॉनची एस-थ्री ही साठवणुकीची सेवा अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विभागात एका चुकीच्या टाइप झालेल्या कमांडमुळे कोलमडली. सेवा चालू आहे की बंद हे ग्राहकांना दाखवणारा जो फलक होता तो बदलण्याची यंत्रणाही त्याच एस-थ्रीवर अवलंबून होती. परिणामी जवळजवळ दोन तास फलकावरच्या खुणा हिरव्याच राहिल्या आणि कंपनीला ट्विटरवरून सांगावे लागले. आपले काम ठप्प झाले असताना समोर हिरवा दिवा पाहणाऱ्या माणसाची अवस्था ज्याने अनुभवली आहे त्यालाच कळेल. तो आधी स्वतःचा राउटर बंद करून पाहतो, मग इंटरनेटवाल्याला फोन करतो, मग आपल्याच मुलावर ओरडतो की तू काहीतरी दाबलेस.

पत्ता बरोबर असूनही कळत नाही, असेही होते, आणि ते अधिक जिव्हारी लागते. पासवर्ड सांभाळून ठेवणाऱ्या लास्टपासने २५ ऑगस्ट २०२२ रोजी ग्राहकांना कळवले की कुणीतरी कंपनीच्या विकसनाच्या यंत्रणेत शिरले होते, मात्र ग्राहकांच्या माहितीला हात लागल्याचा पुरावा नाही. ३० नोव्हेंबरला कळवले की ग्राहकांच्या माहितीतले काही घटक चोरट्याच्या हाती लागले आहेत. आणि २२ डिसेंबरला, अमेरिकेतली कार्यालये नाताळच्या सुट्टीसाठी रिकामी होत असताना, कळवले की ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या बॅकअपचीच प्रत गेली आहे. आतले पासवर्ड कूटबद्ध असले तरी ते कोणकोणत्या संकेतस्थळांचे आहेत ते पत्ते उघडेच होते. प्रत्येक सूचना ती लिहिली त्या दिवशी हाती असलेल्या माहितीला धरूनच लिहिलेली असेल, हे मी मान्य करते, कारण तपास कसा हळूहळू पुढे सरकतो हे मी जवळून पाहिले आहे. पण ऑगस्टची सूचना वाचून निर्धास्त झालेल्या माणसाने मधले चार महिने एकही पासवर्ड बदलला नसेल, तर तो दोष त्याचा कसा म्हणायचा? 'पुरावा नाही' या शब्दांचा अर्थ तपास करणाऱ्यासाठी 'अजून सापडला नाही' असा असतो आणि वाचणाऱ्यासाठी 'घडले नाही' असा होतो. हा फरक लिहिणाऱ्याला ठाऊक असतो. तो वाचणाऱ्याला सांगणे हेच तर त्याचे काम आहे.

याच्या अगदी उलट वागणूक मी पाहिली ती प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळून ठेवणाऱ्या गिटलॅब या कंपनीची. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका थकलेल्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर कमांड देऊन मुख्य डेटाबेस पुसला. काही सेकंदांत त्याच्या लक्षात आले, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरले होते. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, आणि पाचांपैकी एकही धड चालत नाही हे त्याच रात्री उघडकीला आले. कंपनीने हे सगळे, पाच बॅकअपांचे ते वाक्य धरून, जगाला दिसेल अशा एका गूगल डॉकमध्ये घडत असतानाच लिहिले आणि डेटा परत आणण्याचे काम यूट्यूबवर थेट दाखवले. शेवटी सहा तासांपूर्वीच्या एका प्रतीवरून सेवा उभी राहिली आणि त्या सहा तासांतल्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. नुकसान खरे होते. पण त्या रात्री गिटलॅबच्या ग्राहकाला आपण कुठे उभे आहोत हे तासातासाला ठाऊक होते, आणि त्या आधारावर त्याला स्वतःच्या टीमला घरी पाठवायचे की थांबवायचे हे ठरवता येत होते.

आमच्या व्यवसायात सूचनेची एक ठरलेली भाषा आहे, आणि तिच्याविषयी माझी तक्रार जुनी आहे. 'काही ग्राहकांना अधूनमधून अडचण जाणवू शकते' हे वाक्य मी स्वतः कितीतरी वेळा लिहिले आहे. यातल्या 'काही' मध्ये मी आहे का, हे वाचणाऱ्याला समजत नाही. 'अधूनमधून' म्हणजे मी थांबू की दुसरी सोय करू, हेही समजत नाही. ही भाषा खोटेपणातून येत नाही. ती येते ती अभियंत्याने लिहिलेले वाक्य वकिलाने, वकिलाचे मार्केटिंगने आणि मार्केटिंगचे वरिष्ठांनी थोडे थोडे मऊ करत नेल्यामुळे, आणि चार हातांतून गेल्यावर त्यात ग्राहकाच्या कामाचे असे काही उरत नाही. मोबाइलवर दर आठवड्याला येणाऱ्या 'किरकोळ दुरुस्त्या व कार्यक्षमतेत सुधारणा' या ओळीची जन्मकथाही हीच.

आणि नुकसानभरपाईची गोष्ट तर याहून विचित्र आहे. सेवा महिन्यातले ९९.९ टक्के चालू राहील असे करारात असते, म्हणजे तीस दिवसांत सुमारे ४३ मिनिटांची सूट. त्याहून जास्त बंद राहिली तर बिलात काही रक्कम वळती करून मिळते. मात्र मोठ्या क्लाउड कंपन्यांच्या करारांत ती आपोआप मिळत नाही. ग्राहकाने ठरलेल्या मुदतीत, आपली सेवा केव्हा बंद होती याच्या नोंदींसह, स्वतः मागावी लागते. सेवा किती सेकंद बंद होती हे ज्या कंपनीला ग्राहकापेक्षा अचूक माहीत आहे, तीच ते ग्राहकाकडून लिहून मागते. हे मला न्याय्य वाटत नाही, आणि मी ज्या घरचे मीठ खाते त्या व्यवसायाबद्दल हे लिहिताना मला संकोचही वाटत नाही.

नीट कळवता येते, याची उदाहरणे शोधायला मला लांब जावे लागत नाही. पुण्यात राहणाऱ्या कुणालाही महापालिकेची ती सूचना तोंडपाठ असेल: येत्या गुरुवारी देखभाल-दुरुस्तीच्या कामामुळे पुढील भागांचा पाणीपुरवठा बंद राहील, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल. खाली पेठांची, सोसायट्यांची नावे. पाणीपुरवठ्यावर पुणेकर कितीही चिडलेले असोत, या सूचनेत उणे काढता येत नाही. केव्हा, कुणाचे, का, किती वेळ, आणि परत आले तरी पहिल्या दिवशी जोर नसेल, इतके सगळे दोन वाक्यांत. 'कमी दाबाने' हे दोन शब्द तर मला फार मोलाचे वाटतात, कारण सेवा पूर्ववत झाली असे जाहीर करण्याची घाई त्यांत नाही. बातमी वाचून माणूस उठतो आणि पिंप भरून ठेवतो.

सॉफ्टवेअरच्या जगातही अशी सूचना देता येते. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी थांबणार ही तारीख मायक्रोसॉफ्टने कितीतरी आधी जाहीर केलेली होती, पण त्यावर न थांबता ८ मार्चपासून तिने ती एक्सपी वापरणाऱ्यांच्या पडद्यावरच दाखवायला सुरुवात केली. त्यासाठी कुणाचा पत्ता लागला नाही. यंत्रासमोर जो बसला त्याला दिसले. रिझर्व्ह बँकेने याहून पुढचे पाऊल टाकले. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप वळती होणाऱ्या वर्गणीसाठी नियम असा झाला की पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी कार्ड देणाऱ्या बँकेने ग्राहकाला कुणाला, किती आणि केव्हा हे कळवायचे, आणि नको असेल तर ते थांबवण्याची सोय त्याच सूचनेत द्यायची. कित्येक परदेशी सॉफ्टवेअर कंपन्यांची वसुली त्या सुमारास अडली आणि आम्हीही काही आठवडे धावपळ केली. तरी माझे मत त्या नियमाच्या बाजूनेच आहे, कारण त्यात कळण्याची वेळ ठरवून दिली आहे: निर्णय अजून माणसाच्या हातात आहे अशी वेळ.

कराडच्या त्या प्रकरणानंतर माझ्या कामात एक बदल झाला. कोणतीही सूचना पाठवण्याआधी मी आता विचारते की ही मेल परत आली तर ते कुणाला कळेल. सुरुवातीला या प्रश्नाला बैठकीत कुणाकडेच उत्तर नव्हते. आता परत आलेल्या मेलची यादी रोज सकाळी मदतकक्षातल्या दोघांकडे जाते, आणि ते त्या ग्राहकांना फोन करतात. कित्येकदा फोनही डीलरकडेच लागतो. मग जुन्या बिलावरचा पत्ता काढून साधे पत्र पाठवले जाते, टपालाने. हे खर्चाचे आणि वेळखाऊ असले तरी गरजेचे आहे, हे मला वरिष्ठांना दर तिमाहीला नव्याने पटवून द्यावे लागते, आणि मी ते पटवून देते.

मामेभावाच्या सॉफ्टवेअरच्या कंपनीने नोंदणीतला नंबर बदलून घ्यायला तीन आठवडे लावले, कारण जुन्या नोंदणीकृत ई-मेलवरून संमती यायला हवी असा त्यांचा नियम होता. डीलरला गावी गाठून ती संमती आणली. दिवाळीत कराडला गेले तेव्हा दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेले होते. त्यातल्या चौकोनांत मामी दुधाचे लिटर, गॅसची टाकी लावल्याचा दिवस आणि फ्रीजवाल्याची फेरी लिहिते. तिने पाने उलटून मला डिसेंबरचे शेवटचे पान दाखवले. वर्ष तिथे संपत होते, म्हणून तिने खालच्या कोऱ्या जागेत लाल पेनने लिहून ठेवले होते: 'नवीन कॅलेंडर आणल्यावर मार्चमध्ये लिहिणे – सॉफ्टवेअर.'